राजाच्या नावे

अण्णांकडे लाल कापडी बांधणीची एक चोपडी आहे. तिची फक्त आठ पानं भरलेली आहेत. पहिल्या पानावर 'श्री', त्याखाली अण्णांच्या वळणदार अक्षरात 'राजाचे खाते', आणि मग उजव्या, म्हणजे नावेच्या बाजूला एकाखाली एक आकडे. एका पानावर आठ. डावी, जमेची बाजू सगळीकडे कोरी. "राजानं एक दाणाबी दिला नाही, मग जमेला काय लिहायचं?" असं अण्णांनी मला तेव्हा सांगितलं होतं.

ही गोष्ट १९७८ च्या श्रावणातली. अण्णा बार्शीच्या अडत बाजारात दिवाणजी होते आणि मी सातवीत होते. बाईंनी वर्गात बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट सांगितली. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, अशी दुप्पट करत ६४ व्या घरापर्यंत जायचं आणि तेवढं धान्य पट शोधणाऱ्याला द्यायचं. गोष्ट तुम्हाला ठाऊक असेलच. तेराव्या शतकातल्या इब्न खल्लिकानने ती लिहून ठेवली आहे, आणि तिच्यातला मागणारा सिस्सा हिंदुस्थानातला आहे. बाई म्हणाल्या, राजाची कोठारं रिकामी झाली तरी मागणी पुरी होईना. मी घरी येऊन अण्णांना विचारलं, "पण एकूण दाणे किती?"

अण्णा म्हणाले, "लिहून बघू."

श्रावणात बाजार थंड असतो. जेवणं झाली की अण्णा कंदिलाशेजारी बैठक घालायचे, आणि रोज रात्री पटाची एक ओळ, म्हणजे आठ घरं, चोपडीचं एक पान. गहू नाही, तांदूळ नाही, आमच्याकडे ज्वारीच धरायची असं ठरलं. दुपटीचं अण्णांना कौतुक नव्हतं. मापांच्या जगात वाढलेला माणूस तो. दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर. सगळं दुपटीनंच चढत जातं, असं ते म्हणत. पण शेराच्या पुढे पायली, मण आणि खंडीवर माप थांबतं, पट मात्र थांबत नाही. चौथ्या रात्रीपर्यंत मी शेजारी बसून होते. पाचव्या रात्री आकडे लांबले तशी मला झोप आली. आठव्या रात्री अण्णांनी मला उठवलं. शेवटच्या पानाच्या तळाशी तांबड्या शाईत बेरीज होती:

१,८४,४६,७४,४०,५६,९३,२३,३५,६१५

ती वाचायची कशी, हाच पहिला प्रश्न. एकं, दहं, शतं, सहस्र, दशसहस्र, लक्ष, दशलक्ष, कोटी असं म्हणत मी उजवीकडून बोट सरकवत गेले, आणि नावं संपली तरी बोटापुढे आकडे उरले होते. पुढे कॉलेजात भास्कराचार्यांची यादी पाहिली. 'लीलावती'त एकापासून परार्धापर्यंत अठरा नावं आहेत, प्रत्येक आधीच्याच्या दसपट. म्हणजे परार्ध हा एकावर सतरा शून्यांचा. आमची बेरीज वीस आकडी. तिला परार्धही पुरत नाही, असे १८४ परार्ध लागतात आणि वर उरतंच. (चाळीसगावजवळच्या पाटणला भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा, शिलालेख आहे. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याचं त्यात कोरलेलं आहे. मी दोनदा जाऊन आले. आपल्याकडच्या गणितावर प्रेम असणाऱ्याने एकदा तरी तिथे जावं.)

शिक्षिका झाल्यावर ही गोष्ट मी स्वतः तीसेक वर्षं वर्गात सांगितली. मोठेपणा मनावर ठसावा म्हणून एकदा मालदांडी ज्वारीचे १,००० दाणे मोजून तोलले होते, ३३ ग्रॅम भरले. त्या हिशेबाने राजाकडची मागणी होते ६०,००० कोटी टनांच्या वर. जगात वर्षाला साधारण ६ कोटी टन ज्वारी पिकते. म्हणजे १०,००० वर्षांचं पीक. मुलं "बाप रे" म्हणायची आणि तास संपायचा. पुस्तकात छापलेली बेरीज मी फळ्यावर लिहायचे. अण्णांची चोपडी ट्रंकेत होती, आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघावेत हे इतक्या वर्षांत कधी सुचलं नाही. माझ्या जुन्या कॅल्क्युलेटरवर उत्तर १.८४४६७४४ एवढंच यायचं आणि कोपऱ्यात १९. तेवढे आकडे अण्णांचेही होते. मी खूश होते.

गेल्या आषाढात ट्रंक उन्हाला काढली तेव्हा चोपडी हाती लागली. सवयीने मी बेरजेतल्या आकड्यांची बेरीज केली. ८६.

मी पुन्हा केली. ८६ च. आणि मला खालीच बसावंसं वाटलं, कारण ही बेरीज तिनाने भागली गेलीच पाहिजे. पटाकडे दोन-दोन घरांच्या जोड्यांनी बघा. पहिली जोडी १ आणि २, मिळून ३. दुसरी ४ आणि ८, मिळून १२, म्हणजे तीन चोक. तिसरी १६ आणि ३२, मिळून ४८, म्हणजे तीन सोळे. प्रत्येक जोडी डाव्या घराच्या तिप्पट. ६४ घरांच्या ३२ जोड्या, सगळ्या तिनाच्या पाढ्यात. मग बेरीज तिनाच्या बाहेर जाईल कशी? पण ८६ ला तिनाने भाग जात नाही. म्हणजे अण्णांचा आकडा चुकला होता, आणि चुकून ४५ वर्षांच्या वर लोटली होती.

अण्णा आता ८८ वर्षांचे आहेत. कानाने कमी झालेत, पण हिशेब शाबूत. सांगावं की नाही, यात माझे दोन दिवस गेले. ज्या माणसाने आयुष्यभर रोजमेळ एका पैशाने चुकू दिला नाही, त्याला हे कसं सांगायचं? शेवटी चोपडी मांडीवर ठेवून मोठ्याने म्हटलं, "अण्णा, राजाच्या खात्यात चूक आहे."

त्यांना वाईट वगैरे वाटलं नाही. त्यांनी विचारलं, "तफावत किती?"

खरी बेरीज १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. अण्णांची वजा केली. सुरुवातीचे नऊ आकडे जुळले, शेवटचे तीन जुळले, मधले आठ वेगळे. वजाबाकी आली १६,७७,७२,१६,०००.

"नवानं जाते?"

ही दिवाणजींची जुनी खूण. रोजमेळ जुळला नाही आणि तफावतीला नवाने नि:शेष भाग गेला, तर बहुधा कुठेतरी दोन आकडे उलटसुलट पडलेत, ३६ च्या जागी ६३ लिहिलंय, असं समजायचं. मी आकड्यांची बेरीज केली, ३७. नवाने जात नाही.

"मग उलटापालट न्हाई. हातचा ऱ्हायलाय." आणि जरा थांबून, "पुन्हा वाच ती तफावत."

मी वाचली. अण्णांनी डोळे मिटले होते. "शेवटची तीन शून्यं सोड. काय उरलं?"

"एक कोटी सदुसष्ट लाख सत्याहत्तर हजार दोनशे सोळा."

"चौथ्या पानावरचा पहिला आकडा बघ."

चौथं पान उघडलं. वरचाच आकडा, २५ व्या घरातला: १,६७,७७,२१६. अण्णांना तो इतक्या वर्षांनी तोंडपाठ होता.

तिथून पुढचं आम्ही दोघांनी मिळून सोडवलं. तफावत म्हणजे १,००० ची २४ वेळा दुप्पट. पंचविसाव्या घरापर्यंत पोचायला एकाची दुप्पट २४ वेळा करावी लागते, तसंच. म्हणजे कुठेतरी हजाराच्या जागेवरचा एक हातचा सुटला आणि तो सुटलेला १,००० पुढच्या प्रत्येक घरात दुप्पट होत गेला. बेरीज ही अण्णांनी शेवटच्या घराची दुप्पट करून एक वजा करून काढली होती, तेव्हा तिला ६५ वं घर म्हणा. पासष्टातून चोवीस गेले, उरले एक्केचाळीस.

४१ वं घर. सहाव्या पानाचा पहिला आकडा.

चाळिसाव्या घरात ५,४९,७५,५८,१३,८८८ आहे, अगदी बरोबर. त्याची दुप्पट करायची. आठ दुणे सोळा, सहा लिहिले, हातचा एक. आठ दुणे सोळा आणि एक सतरा, सात लिहिले, हातचा एक. पुन्हा आठ दुणे सोळा आणि एक सतरा, सात लिहिले, हातचा एक. तीन दुणे सहा आणि एक सात. अण्णांनी तिथे सहा लिहिले आहेत. १०,९९,५१,१६,२७,७७६ हवं होतं तिथे १०,९९,५१,१६,२६,७७६ आहे. बाकी एकही आकडा चुकलेला नाही, त्या घरातही नाही आणि पुढच्या २३ घरांतही नाही.

का चुकलं तेही चोपडीतच दिसतं. अण्णा फक्त उजव्या बाजूला लिहीत होते. एका पानावरची आठ घरं एकाखाली एक, डोळ्यांसमोर. पण नवं पान सुरू करताना मागचा आकडा पानाच्या पाठीमागे जायचा. पान उलटून बघायचं, परत पुढे येऊन लिहायचं. बारा आकडी संख्येसाठी किती वेळा उलटलं असेल पान! अशाच एका उलटण्यात हातचा मागे राहिला. मी त्या सहाच्या अंकाकडे किती वेळ बघत होते कुणास ठाऊक. त्याचं वळणसुद्धा इतर सहांसारखंच आहे, ठाम, जराही न डगमगलेलं.

आता दुरुस्तीची नोंद करायची. अण्णा म्हणाले, "थांब. माझा आकडा चुकला हे कळलं. तुझा बरोबर आहे हे कशावरून?"

"पुस्तकात आहे, अण्णा."

"पुस्तकावरून खातं दुरुस्त करत न्हाईत."

मग पुढचा आठवडाभर आमचा पडताळा चालला. पुन्हा ६३ वेळा दुप्पट करायला अण्णांचा हात चालत नाही. मी त्यांना पिंगळाचा, म्हणजे जुन्या छंदःशास्त्रकाराचा, मार्ग सांगितला. छंदःशास्त्रात प्रश्न असा की अमुक इतक्या अक्षरांच्या चरणात लघु-गुरूचे किती प्रकार होतील. प्रत्येक अक्षराला दोन पर्याय, म्हणून अक्षरागणिक दुप्पट. आपण शाळेत घोकलेलं भुजंगप्रयात बारा अक्षरांचं, म्हणजे ४,०९६ प्रकारांतला एक. पिंगळ सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सांगतो की दुप्पट करत बसू नका, अक्षरसंख्या निम्मी करत जा आणि परतताना वर्ग करत या. ६४ निम्मे करत गेलं की सहा पायऱ्यांत एकावर येतो. मग दोनाचा वर्ग ४, त्याचा १६, त्याचा २५६, त्याचा ६५,५३६, त्याचा ४,२९,४९,६७,२९६, आणि त्याचा वर्ग केला की ६४ अक्षरांचे सगळे प्रकार. त्यातून एक वजा केला की राजाची मागणी. हजार वर्षांपूर्वी अल-बिरुनीनेही पटाचा हिशेब वर्ग करत करतच मांडला होता. शेवटचा गुणाकार मी केला, दहा आकड्यांना दहा आकड्यांनी, दोन पानं लागली.

उत्तर जुळलं, पण अण्णांना अजून खुणा हव्या होत्या. "तीन सांगितलास. आणखी कशानं जायला पाहिजे?" आणि मला वाटतं, इथेच ही संख्या मला पहिल्यांदा खरी भेटली. तीस वर्षं मी तिचं फक्त वजन सांगत होते.

जोड्यांऐवजी चार-चार घरांचे गट घ्या. १, २, ४, ८ मिळून १५. प्रत्येक गट पंधराच्या पाढ्यात, म्हणून पाचाने भाग जायला हवा. एक आख्खी ओळ घ्या, आठ घरं: २५५, म्हणजे १५ गुणिले १७. म्हणून सतरानेही. दोन ओळी: ६५,५३५, म्हणजे २५५ गुणिले २५७. चार ओळी, अर्धा पट: त्याला ६५,५३७ ने गुणा. पट घडी घातलेल्या चादरीसारखा उलगडत जातो आणि प्रत्येक घडीला एक नवा गुणक बाहेर पडतो. ३, ५, १७, २५७, ६५,५३७. हे पाचही मूळ संख्या आहेत. सतराचा भाग अण्णांनी स्वतः दिला. भागाकार १०,८५,१०,२५,९२,५७,११,५०,०९५, बाकी शून्य. जुन्या आकड्याला सतराने भागलं तर बाकी ३ उरते.

अर्ध्या पटावरचे दाणे ४,२९,४९,६७,२९५. या संख्येचं एक अजब नातं भूमितीशी आहे. १७९६ साली अठरा वर्षांच्या गाऊसने दाखवलं की फक्त कंपास आणि पट्टी वापरून १७ समान बाजूंची आकृती काढता येते. ग्रीकांच्या काळापासून हे कुणाला जमलं नव्हतं. विषम बाजूंची कोणती सम-बहुभुजाकृती अशी काढता येईल, याचं उत्तर याच पाच संख्यांपाशी येऊन थांबतं. एक घ्या किंवा काही वेगवेगळ्या एकमेकींनी गुणा, पण एकच संख्या दोनदा वापरायची नाही. अशा ३१ आकृत्या माहीत आहेत. त्यांतल्या सर्वांत मोठीला बाजू किती? ४,२९,४९,६७,२९५. पटाच्या अर्ध्यावर ठेवलेली ज्वारी जितके दाणे, तितक्या. ज्वारीचा आणि कंपासचा काय संबंध, असं वाटेल. मलाही वाटलं होतं. पण दोन्हीकडे दुप्पट आणि अर्ध हेच काम करतात.

पाचांची ही रांग तुटते ती शेवटच्या घडीला. अर्ध्या पटावरून पूर्ण पटावर जाताना ४,२९,४९,६७,२९७ ने गुणावं लागतं. फ्रान्सच्या तुलूझमधल्या फर्मा या कायदेपंडिताला सतराव्या शतकात वाटत होतं की ही आणि हिच्या पुढच्या अशा सगळ्याच मूळ संख्या असणार. १७३२ मध्ये सेंट पीटर्सबर्गला ऑयलरने दाखवलं की हिला ६४१ ने भाग जातो. पुढे त्यानेच सिद्ध केलं की हिचा कुठलाही भाजक ६४ च्या पाढ्यात एक मिळवून येतो. मग मूळ संख्यांतल्या उमेदवार उरतात १९३, २५७, ४४९, ५७७, आणि पाचवी ६४१. पुन्हा ६४! फर्मासारख्या माणसाला पाच भागाकारांची वाट दिसली नाही, याची मला आजही हुरहुर वाटते.

हा भागाकार अण्णांनी एका संध्याकाळी पाटीवर केला. मी शेजारी बसून होते. ४,२९४ मध्ये ६४१ सहा वेळा, उरले ४४८. नऊ खाली घेतला, ४,४८९. सात वेळा गेले, उरले दोन. सहा घेतला, २६, भाग जात नाही, शून्य. सात घेतला, २६७, पुन्हा शून्य. दोन घेतला, २,६७२, चार वेळा, उरले १०८. नऊ घेतला, १,०८९, एकदा, उरले ४४८. अण्णांची पेन्सिल थांबली. "हे मघाच आलं हुतं." मघाशी ४४८ वर नऊ उतरला होता आणि दोन शिल्लक राहिले होते. आता वर एकच आकडा उरला होता, सात. तो खाली आला, ४,४८७. सात सक्कं... नाही, सात वेळा सहाशे एक्केचाळीस, चार हजार चारशे सत्त्याऐंशी. बाकी शून्य. ६७,००,४१७. अण्णांनी पाटीवर शून्याभोवती गोल काढला.

म्हणजे राजाची मागणी सात मूळ संख्यांचा गुणाकार, प्रत्येक एकेकदाच: ३, ५, १७, २५७, ६४१, ६५,५३७ आणि ६७,००,४१७. या सातांच्या निवडीतून तिचे सगळे भाजक तयार होतात, आणि ते भरतात १२८. पटाच्या पहिल्या ओळीतल्या शेवटच्या घरात बरोबर तेवढेच दाणे आहेत. हे मी अण्णांना सांगितलं तेव्हा ते नुसते मान हलवत राहिले, बराच वेळ.

रविवारी सकाळी त्यांनी चोपडी मागितली. तांबडी शाई घरात नव्हती, कोपऱ्यावरच्या दुकानातून तांबडं पेन आणलं. ४१ व्या घरातला सहा त्यांनी खोडला नाही. चोपडीत खोडत नाहीत. शेवटच्या पानावर, जुन्या बेरजेखाली, नावेच्याच बाजूला, थरथरत्या हाताने लिहिलं: 'हातच्याची तफावत, घर ४१', आणि पुढे १६,७७,७२,१६,०००. रेघ ओढली. उजवीकडून बेरीज मांडत गेले, प्रत्येक हातचा आकड्याच्या डोक्यावर बारीक लिहून.

१,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५

मग आकड्यांवरून एकेक करत बोट फिरवलं, ओठ हलत होते. "सत्त्याऐंशी," ते म्हणाले. "तिनानं जातो."

आणि चोपडी माझ्याकडे सरकवली. "तपासणाराची सही लागती. कर."